मदत हवी आहे : बाराबोअर बंदुकीची नळी 28 इंची घेऊ की 30?

नमस्कार मंडळी. मी गुहागरकडचा. घरात बाबांची शेतीसंरक्षण परवान्याची एकनळी बाराबोअर आहे, नळी 30 इंच. रात्री भातावर डुकरं उतरली की ती घेऊन राखणीला जायचं. करवंदीच्या जाळीतून वाकून जाताना नळीचं टोक दर वेळी वेलीत अडकतं, तेव्हा वाटतं आखूड असती तर बरं. शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच आहे, त्यामुळे तो विषय नाही.

आता मला ट्रॅप शूटिंग (समोर लांब उडत जाणाऱ्या मातीच्या थाळ्यांवरची नेमबाजी) मनापासून शिकायचंय, त्यासाठी दुनळी घ्यायचा विचार आहे. लांब नळीने छर्रा फार जोरात जातो हा समज चुकीचा, दारू पहिल्या वीसेक इंचांतच जळते, एवढं कळलंय. फरक पडतो तो फिरवण्यात. लांब नळी संथ, सलग फिरते. आखूड पटकन उचलली जाते, पण मध्येच थबकते. ट्रॅपवाले बहुधा 30-32 वापरतात, स्कीटवाले (आडव्या उडणाऱ्या थाळ्यांवर नेम धरणारे) 28-30. माझी उंची 5 फूट 4 इंच, हातही आखूड. 30 इंची बंदूक पुढून जड पडेल का? माझ्या चणीच्या कुणी वापरली असेल तर कृपया अनुभव सांगा.

आणि खाऱ्या हवेत लांब नळी आतून कशी पुसता? आमच्या नळीला पावसाळ्यात आठवड्यात तांबूस गंज धरतो.