प्लेगमुळे मजुराची किंमत वाढली, हे आपल्याकडे खरे आहे का?

धागाकर्ता (साखर पेठ, सोलापूर):
१३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोपातील निदान तिसरा हिस्सा माणसे नेली. शेतमजूर इतके दुर्मीळ झाले की, इंग्लंडला १३५१ मध्ये मजुरी रोखणारा कायदा करावा लागला, आणि तरीही ती पुढे वाढलीच. १८९७ च्या आरंभी प्लेगच्या भीतीने मुंबईचे गिरणी कामगार गावी पळाले, तेव्हा एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवणाऱ्या मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. क्रूर वाटेल, पण श्रमाची किंमत मालकांना साथीनेच शिकवली, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (होटगी रस्ता):
सर, ही तुलनाच मला मान्य नाही. १८९६ पासूनच्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात प्लेगचे एक कोटीहून अधिक बळी गेले, परंतु ते सुमारे एकोणतीस कोटींमधून आणि वर्षावर्षांत विखुरलेले. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. मेलेल्याच्या जागी उभा राहायला आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातला भुकेला माणूस तयार असताना मजुरी वाढणार कशी? मुंबईतील रोजमजुरी साथ ओसरताच संपली. युरोपचे म्हणाल, तर पूर्वेकडे पुढील शतकांत वेठबिगारी उलट घट्ट झाली.

प्रतिसाद (अशोक चौक):
आपण दोघेही मजुरीच मोजत आहात. आमची पणजी सांगायची की, घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे गाव सोडून शेतात खोपटी घालत. उंदरावरची पिसू रोग पसरवते, असे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडले. उंदीर पडला की निघायचे, एवढे मात्र आमच्या माणसांना अनुभवाने कळत होते. पण खोपटीत माग नेता येत नाही. विणकराच्या घरात बायको कांड्या भरते, पोरे हाताशी असतात. त्यातले एक माणूस गेले की साऱ्या घराचे काम अडते, आणि सावकाराची उचल मात्र मेलेल्याच्या मुलाकडे येते. या घराला कोणी चढी मजुरी द्यायची?

धागाकर्ता:
उचलीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, ताई. इंग्लंडचा दाखला मी मागे घेतो. मुंबईचा मात्र नाही: काही महिनेच का होईना, मालक तेव्हा कामगाराच्या मागे धावले होते.

प्रतिसाद (होटगी रस्ता):
धावले, हे खरे; पण स्मशानांच्या वाटा भरलेल्या असताना. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ७,७६,००६ भरली.