घरातलं कामाचं टेबल: कसं निवडलंत, कसं जोडलंत?

घरून काम सुरू झालं की खुर्चीवर सगळे भरभरून बोलतात, टेबलाचं मात्र 'खोलीत मावतंय ना, मग झालं' एवढ्यावर भागतं. म्हणून हा धागा. टेबल कशावरून निवडलंत, घरी जोडताना काय काय झालं, वापरायला लागल्यावर काय खटकलं आणि काय मस्त जमलं, ते लिहा. ब्रँड आणि किमती नकोत, ती माहिती लगेच शिळी होते. मापं आणि कारणं हवीत.

सुरुवात मीच करते. माझी उंची पाच फूट एक इंच. तयार टेबलं बहुतेक ७२ ते ७६ सेंटीमीटर उंच असतात, म्हणजे माझ्यापेक्षा बऱ्याच उंच माणसासाठी बेतलेली. खरेदीआधी मी खुर्चीत पाय जमिनीला पूर्ण टेकवून बसले, खांदे सैल सोडले, हात कोपरात काटकोनात वाकवले आणि भावाला टेप लावायला सांगितली. कोपर जमिनीपासून ६३ सेंटीमीटरवर भरलं. म्हणजे नेहमीचं टेबल मला किमान नऊ-दहा सेंटीमीटर उंच. एवढा फरक असला की टाइप करताना खांदे नकळत वर चढतात, संध्याकाळपर्यंत मान धरते आणि आपण बोल लावतो उशीला.

यावर दोनच वाटा. खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली पाट किंवा फूटरेस्ट ठेवायचा, नाहीतर कीबोर्ड खाली आणायचा. मी फळीखाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवून घेतला. ट्रे घेणाऱ्यांनी मांड्यांची जागा आधी मोजावी. ट्रेचा तळ आणि मांडी यांत मूठ जाईल इतकी फट नसेल तर पाय हलवायचीही सोय राहत नाही. हीच गोष्ट फळीखालच्या मधल्या ड्रॉवरची. दिसायला छान, पण गुडघे त्याच्याशी रोज भांडतात.

* * *

ताई, उंचीचं अगदी खरं. मी फळीबद्दल लिहितो, कारण सुटीच्या दिवशी लाकूडकाम हा माझा छंद आहे आणि ओळखीतले लोक मोडकी टेबलं घेऊन माझ्याकडेच येतात.

तयार टेबलांत बहुधा पार्टिकल बोर्ड असतो. लाकडाचा चुरा आणि चिपा डिंकात दाबून केलेली ही फळी. वाईट नाही, पण तिचे दोन स्वभाव माहीत हवेत. पहिला, स्क्रू एकदा काढून पुन्हा त्याच भोकात घातला की पकड कमी होते. घर बदलताना टेबल सुटं करून पुन्हा जोडलं की डुगडुगायला लागतं ते यामुळेच. दुसरा, कडेची पट्टी निघाली आणि तिथून पाणी आत गेलं की फळी फुगते, आणि वाळली तरी पूर्ववत होत नाही. ओली बाटली रोज एकाच कोपऱ्यावर ठेवणाऱ्यांनी कोस्टर घ्यावा.

ढिलं झालेलं भोक दुरुस्त होतं. ८ मिलिमीटरच्या ड्रिलने ते मोठं करा, लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, जास्तीची कापून टाका आणि मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. आधीपेक्षा घट्ट बसतो.

जाडीचं गणित लोक हलक्यात घेतात. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे १८ ऐवजी त्याच मालाची २५ मिलिमीटरची फळी घेतली तर जाडी दीडपटही वाढत नाही, पण ताठपणा जवळजवळ पावणेतीनपट होतो. लांबी दीड मीटर आणि आधार फक्त दोन टोकांना असेल तर १८ची फळी जड मॉनिटरखाली काही महिन्यांत मधे झुकलेली दिसते. असं टेबल आधीच घेतलं असेल तर मागच्या कडेला खालून लोखंडी अँगल लांबीभर स्क्रूने बसवा. कुणाला दिसतही नाही.

* * *

आधी दार मोजा, जिना मोजा, जिन्याचं वळण मोजा. मग टेबल. यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

* * *

आमचं टेबल मी आणि बाबांनी मिळून जोडलं. बाबांचा छापील सूचनांवर विश्वास नाही. "त्यात काय वाचायचंय, चार पाय आणि एक फळी," असं म्हणून त्यांनी पेचकस हातात घेतला. मी मात्र आधी खोका फाडून त्याचा पुठ्ठा जमिनीवर अंथरला (फळीवर ओरखडे येत नाहीत), तुकड्यांवरचे स्टिकर कागदाशी ताडून पाहिले आणि स्क्रू प्रकारानुसार वेगवेगळ्या वाट्यांत घातले. सगळे स्क्रू जवळजवळ सारखे दिसतात, पण लांबीत पाच मिलिमीटरचा फरक असतो. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर त्याचं टोक फळीच्या वरच्या बाजूने डोकं काढतं.

खरी गंमत कॅम लॉकची. फळीच्या सपाट बाजूला पंधरा मिलिमीटर व्यासाचं उथळ भोक असतं, त्यात जाड नाण्याएवढी धातूची चकती बसते. शेजारच्या फळीत घट्ट बसवलेला खिळ्यासारखा बोल्ट कडेच्या भोकातून या चकतीच्या पोटात शिरतो. चकती फिरवली की ती त्याचं डोकं पकडून स्वतःकडे ओढते आणि दोन फळ्या एकमेकींना भिडतात. चकतीवर छोटा बाण कोरलेला असतो. तो बोल्ट येणार त्या कडेकडे हवा.

"बाबा, बाण!"

"कुठला बाण?"

चष्मा आणला. मग बाण दिसला. तिथून पुढे बाबा दर चकतीला "बाण?" असं मलाच दरडावून विचारत होते.

चकती सुमारे अर्धा फेरा फिरते आणि अडते. अडली की थांबायचं, जोर लावला तर भोकच फाटतं. उलट काहीच ताण न लागता गरगर फिरली, तर बोल्ट पूर्ण आत गेलेला नाही असं समजून फळ्या पुन्हा सरकवून बघायचं. पार्टिकल बोर्डवर शेवटचे फेरे ड्रिल मशीनने देऊ नका. हाताला ताण कळतो, मशीनला कळायच्या आत भोक गेलेलं असतं.

सगळे बोल्ट आधी सैल लावा. मग टेबल समोरासमोरच्या कोपऱ्यांतून तिरकं मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे, मग सगळं आवळा. मागची पातळ फळी खिळे मारायच्या आधी हे केलंच पाहिजे, कारण चौकट एकदा तिरकी झाली आणि मागची फळी ठोकली की ती तशीच राहते. आणि टेबल सरळ करताना दोघांनी उचलून सरळ करा. एका बाजूच्या पायांवर भार देऊन फिरवलं तर पायांचे स्क्रू मुळापासून उपटतात.

* * *

माझं लोखंडी पायांचं टेबल टाइप करताना डावीकडे-उजवीकडे झुलतं. सगळं आवळून झालंय. काय करू?

* * *

झुलणाऱ्या टेबलवाल्यांना: आधी जमीन तपासा. पायांखाली फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे बूड असतील तर ते जुळवा. तरी झुललं तर दोष रचनेत आहे. चार पाय आणि वर फळी एवढीच चौकट असली आणि मधे आडवा किंवा तिरका आधार नसला, तर ती लांबीच्या दिशेने हलणारच. मागच्या दोन पायांमध्ये तिरकी पट्टी लावा, किंवा पाय आणि फळीच्या कोपऱ्यात त्रिकोणी अँगल. आणि नवीन टेबल पहिल्या काही आठवड्यांनंतर पुन्हा एकदा आवळावं लागतं, हे सूचनापत्रकात शेवटी बारीक अक्षरात असतं.

* * *

वर-खाली होणारं मोटरचं टेबल वापरतेय. बुटक्या लोकांना ताईंचा प्रश्न इथेही येतो. दोन टप्प्यांचे (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे) पाय असतील तर सगळ्यात खालची उंची बऱ्याचदा सत्तरच्या आसपास राहते. तीन टप्प्यांचे पाय साठ-बासष्टपर्यंत उतरतात आणि वर सव्वाशेपर्यंत जातात. दिलेलं माप फळीसकट आहे की नुसत्या सांगाड्याचं, तेवढं विचारून घ्या. अडीच सेंटीमीटरची फळी वर आली की हिशोब बदलतो.

वायरी टेबल पूर्ण वर असताना मोजायच्या. एक्स्टेन्शन बोर्ड फळीलाच खालून चिकटवला तर टेबलाबरोबर एकच वायर वर-खाली होते, बाकी सगळ्या जागच्या जागी. वीज जाऊन आल्यावर टेबल कधीकधी खाली जायलाच नकार देतं. बऱ्याच टेबलांत खालचं बटण दाबून धरलं की ते तळाला जाऊन किंचित वर उसळतं आणि पुन्हा नीट चालू लागतं, पण आपल्या मॉडेलची पद्धत एकदा बघून ठेवा. मुलांना लिफ्टसारखं खेळू देऊ नका. या मोटरी बऱ्याचदा दोन मिनिटं चालल्यावर अठरा मिनिटं विश्रांती घ्यायच्या हिशोबाने बनवलेल्या असतात.

तासन् तास उभं राहून पायाचे तुकडेच पडतात. मला फायदा झाला तो बसणं-उभं राहणं आलटून पालटून करता आल्याचा.

* * *

मी सुतारकाकांकडून करून घेतलं. पहिला वाद उंचीवर. "टेबल म्हटलं की अडीच फूट," काका. मी सत्तावीस इंचांवर अडून बसले. ते शेवटी म्हणाले, "बसणार तुम्ही, मला काय." पण मग त्यांनीच मोलाचा प्रश्न विचारला: हे सत्तावीस वरच्या सनमायकापर्यंत की फळीच्या खालपर्यंत? हे ठरवून घ्या, आणि कागदावर लिहून द्या.

बाकी मागितलेल्या गोष्टी: पुढची कड गोलसर (धारदार कडेवर मनगट टेकलं की वळ उठतात), मागच्या बाजूला वायरींसाठी ६० मिलिमीटरचं भोक, सनमायका मॅट, कारण चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब दिवसभर डोळ्यांत येतं. खोली ७५ सेंटीमीटर. लॅपटॉपला ६० पुरतात, पण मोठा मॉनिटर हातभर लांब ठेवून पुढे कीबोर्ड आणि वही मावायला ७५ लागतात.

* * *

इतका खटाटोप पाहून दमलो. माझं टेबल म्हणजे जुना फ्लश डोअर आणि खाली दोन घोड्या. कुलपाचं भोक वायरींना कामी आलं. सणसणीत जाड, सणसणीत रुंद. इति.

* * *

दरवाजावाले दादा, मॉनिटर आर्म (मॉनिटर अधांतरी धरणारा, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा हात) लावणार असाल तर एक बघा. काही दारं आतून पोकळ असतात, तशीच काही स्वस्त टेबलांची फळीही पोकळ असते, वर-खाली पातळ थर आणि मधे पुठ्ठ्याची जाळी. आर्मचा क्लॅम्प मागच्या कडेला दोन-तीन इंचांच्या जागेत सगळा भार देतो आणि फळी तिथे दबते. वरून आणि खालून धातूची प्लेट घातली तर भार पसरतो, तरी पोकळ फळीवर मी तो धोका पत्करणार नाही. कडा ठोकून बघा, भरीव आणि पोकळ आवाज लगेच ओळखू येतो.

आर्मसाठी मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं हवीत, ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौरसात. याला व्हेसा म्हणतात. काही मॉनिटरना ती नसतातच. आणि टेबल भिंतीला अगदी चिकटवलं तर आर्मचं कोपर मागे जायला जागा उरत नाही, मॉनिटर अपेक्षेपेक्षा पुढे येतो.

* * *

धागाकर्ती: दारांची आयडिया भारी! खिडकीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मीच. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर ती स्क्रीनमध्ये दिसते. आणि काचेचं टेबल वापरणारं कुणी असेल तर लिहा. साध्या ऑप्टिकल माउसला पारदर्शक काचेवर पॅड लागतं एवढं माहीत आहे, पण थंडीत मनगटांचं काय करता?