आयर्लंडने ईशनिंदा कायदा काढून टाकला, पाकिस्तानात एवढा गोंधळ का?

प्रश्न: २६ ऑक्टोबर २०१८ ला आयर्लंडने सार्वमत घेऊन ईशनिंदेचा गुन्हा घटनेतून काढला, आणि पाचच दिवसांनी पाकिस्तानात ईशनिंदेसाठी फाशी सुनावलेली ख्रिश्चन बाई आसिया बीबी सुप्रीम कोर्टातून निर्दोष सुटली तर लोकांनी रस्ते अडवले. एवढा फरक? आयरिश लोक पण चांगले कट्टर कॅथलिक होते की.

उत्तर १: होते, पण कायदा नावालाच होता हो. ब्रिटिश अभिनेता स्टीफन फ्रायने आयरिश टीव्हीवर देवाची खरडपट्टी काढली, तक्रार झाली, पोलिसांनी चौकशी केली आणि दुखावलेले लोक पुरेसे सापडेनात म्हणून फाईल बंद! तक्रारदार म्हणे स्वतःही दुखावला नव्हता 😄

उत्तर २: हसा, पण २००९ मधे पाकिस्तानने युनोत याच आयरिश कायद्याची भाषा पुढे केली होती. आणि तिकडे सगळं कागदावर राहत नाही ना, आसियाची बाजू घेतली म्हणून पाकिस्तानी पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीरना २०११ मधे त्यांच्याच बॉडीगार्डने गोळ्या घातल्या, तो कोर्टात आला तर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, त्याही वकिलांनी.

प्रश्नकर्ता: बापरे, वकिलांनी??

उत्तर १: हो ना. आणि धर्माच्या अपमानाचं कलम २९५अ आपल्याकडचंच, १९२७ चं इंग्रजांचं, फाळणीनंतर त्यांच्याकडेही तेच राहिलं. पैगंबरांच्या अपमानाला फाशीवालं २९५सी मात्र १९८६ चं, लष्करशहा झिया-उल-हकच्या काळातलं.