तालिका, सूची की नुसती नोंद?

विचारणा :
ग्रंथालयशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘कॅटलॉग’ला तालिका आणि तो तयार करण्याच्या कामाला तालिकीकरण म्हणतात. वाचक मात्र यादी किंवा सूची मागतो आणि अलीकडचे ग्रंथपाल ‘मेटाडेटा (म्हणजे एखाद्या वस्तूविषयीची माहिती) भरतो आहे’ असे सांगतात. हे सर्व शब्द एकाच कामाचे आहेत का? लाकडी खण, कार्डे आणि कार्डांच्या भोकांतून ओवलेली सळई बहुतेक ठिकाणांहून गेल्यावर ‘तालिका’ हा शब्द ठेवावा का?

प्रतिसाद :
हे शब्द एकाच कामाचे नाहीत. यादीला क्रमाचे बंधन नसते; वाणसामानाचीही यादीच असते. ग्रंथसूची कोणकोणते ग्रंथ निघाले ते सांगते, पण ते कोणाच्या कपाटात आहेत याची जबाबदारी घेत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची केली, ती याच अर्थाने सूची आहे. तालिका मात्र एखाद्या संग्रहाला बांधलेली असते. पुस्तक आपल्याकडे आहे का आणि असल्यास कोणत्या मांडणीवर, या दोन प्रश्नांची उत्तरे तिने दिलीच पाहिजेत, म्हणून पुस्तकाच्या पाठीवर डकवलेला क्रमांक तालिकेत अनिवार्य ठरतो.

बदल झाला आहे तो तालिकेच्या रूपात. साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर उंच कार्डावर लेखक कोणता आणि शीर्षक कोणते हे त्या मजकुराच्या जागेवरून ओळखायचे असे, आणि एका पुस्तकासाठी लेखक, शीर्षक, विषय अशी अनेक कार्डे लिहून निरनिराळ्या ठिकाणी लावावी लागत. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ ही संगणकीय रचना तयार झाली, आणि प्रत्येक घटकाला अंकी खूण मिळाली : १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ६५० म्हणजे विषय. आता नोंद एकदाच होते आणि क्रम वाचकाच्या प्रश्नाप्रमाणे त्या क्षणी लागतो. जगभरच्या ग्रंथालयांना कार्डे छापून पुरवणाऱ्या ओसीएलसीने शेवटची कार्डे ऑक्टोबर २०१५मध्ये छापली. ओळीने मांडलेली वस्तू म्हणजे तालिका असे धरले, तर ती वस्तू आज बहुतेक ठिकाणी नाही. आहेत त्या सुट्या नोंदी. म्हणून माझा कौल ‘नोंद’ या साध्या शब्दाला आहे. तालिकीकरण म्हणताना जीभ अडखळते, हेही एक कारण आहेच.

प्रतिसाद :
‘नोंद’ला माझी थोडी हरकत आहे, कारण ग्रंथालयात नोंद म्हटले की आधी दाखल नोंदवही आठवते. तेथे पुस्तक खरेदीच्या क्रमाने चढते, विषयाच्या नव्हे. ‘ग्रंथनोंद’ म्हटल्यास घोटाळा टळेल.

खरी अडचण पुढची आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८मध्ये मांडलेल्या प्रतिमानात ‘पुस्तक’ या एका शब्दाचे चार थर केले आहेत : लेखकाच्या मनातील निर्मिती, तिला मिळालेले शब्दरूप, त्या शब्दरूपाचे एखादे प्रकाशन आणि हातात येणारा एक नग. आजचे तालिकीकरणाचे नियम याच विभागणीवर उभे आहेत. पहिल्याला कृती आणि तिसऱ्याला आवृत्ती हे शब्द चालतील, जरी आपले प्रकाशक नुसत्या पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘दुसरी आवृत्ती’ म्हणतात. चौथ्याला आपण सहज ‘प्रत’ म्हणतो, आणि तेथेच पाय अडकतो. ‘ज्ञानेश्वरीची राजवाडे प्रत’ म्हणताना आपल्याला फडताळातील एक नग अभिप्रेत नसतो. विशिष्ट शब्दरूप, म्हणजे चारांपैकी दुसरा थर, अभिप्रेत असतो. हस्तलिखितांच्या काळात प्रत्येक नग वेगळा असल्यामुळे एकच शब्द दोन्हींना पुरत होता. छपाईने हा फरक निर्माण केला तरी भाषेने त्याची दखल घेतली नाही. दुसऱ्या थरासाठी मी ‘पाठ’ सुचवतो, कारण ‘पाठभेद’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. अनुवादाला ‘पाठ’ म्हणणे कानाला खटकते, हे मान्य आहे.

विचारणाऱ्याकडून :
‘ग्रंथनोंद’ आणि ‘पाठ’ दोन्ही पटले. मेटाडेटाचे काय? ‘डेटा’साठी आंतरजालावर ‘विदा’ बऱ्यापैकी रुळला आहे. त्यावरून ‘अधिविदा’ करावा का?

प्रतिसाद :
करता येईल, पण तो तालिकीकरणाच्या जागी बसवू नये. स्कॅन केलेल्या पोथीची धारिका किती मोठी आहे, प्रतिमा कोणत्या दिवशी काढली आणि ती वापरण्याचे हक्क कोणाकडे आहेत, हाही मेटाडेटाच असतो. ग्रंथनोंद हा त्याचा एक भाग झाला. उलट ‘विभावरी शिरूरकर’ आणि ‘मालतीबाई बेडेकर’ ही एकाच लेखिकेची नावे आहेत हे जाणून दोन्ही एका ठिकाणी आणणे, हे नुसते रकाने भरण्याचे काम नव्हे. त्या कौशल्यासाठी ‘तालिकीकरण’ हा जडसा शब्दही मला अपुरा वाटत नाही.

लेखनाचा एक मुद्दा सर्वांनी सोडला. शीर्षक मुखपृष्ठाच्या आतील पानावर जसे छापले असेल तसेच उतरवावे, असा नियम आहे. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकात ‘कांहीं’ छापलेले असते, वाचक ‘काही’ टंकतो आणि त्याला पुस्तक सापडत नाही. कार्डांच्या काळात ग्रंथपाल हा फरक डोळ्यांनी सांभाळून घेत असे. यंत्राला अनुस्वार म्हणजे अनुस्वारच. ‘मार्क’मध्ये २४६ हे क्षेत्र शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठी आहे, आणि जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदींत ते रिकामे ठेवू नये. ‘ॲ’ची गंमत तर याहून अवघड आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिपींच्या प्रमाण संकेतव्यवस्थेत, स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्याआधी ‘अ’ला वरून चंद्र जोडत असत. पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात, पण शोधयंत्राला ती भिन्न वाटू शकतात, म्हणून ‘ॲटलास’ एकदा टंकून सापडला नाही तर तो ग्रंथालयात नाही असे समजू नये.