बी विंग ग्रुप: ‘३० दिवसांत ८ किलो’ करायचं का?

बी-४०१ दादा: नमस्कार मंडळी. १ तारखेपासून विंगमध्ये वजन कमी करायचं चॅलेंज ठेवू या का? ३० दिवसांत ८ किलो. भात-पोळी बंद, सकाळी ज्यूस, रात्री सूप. दर रविवारी क्लब हाउसमध्ये वजन करायचं आणि यादी ग्रुपवर टाकायची. प्रवेश फी २०० रुपये.

बी-१०२ काकू: भात बंद? आम्ही रत्नागिरीकडचे. दुपारी भात नसला तर जेवल्यासारखंच वाटत नाही. चार दिवस नेटाने करीन, पाचव्या दिवशी दुप्पट खाईन. मागे असंच झालं होतं.

बी-६०४: मी रात्रपाळीला असतो. माझं मुख्य जेवण पहाटे ३ वाजता. सूप कधी प्यायचं?

बी-२०३ वहिनी: दादा, तुमचा हेतू चांगला आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहिते. मी असे दोन प्रयोग केलेत. दोन्ही वेळा महिन्यात ४-५ किलो उतरले आणि दिवाळीपर्यंत सव्याज परत आले. तिसऱ्या वेळी काहीही बंद केलं नाही. १४ महिने लागले, ७४ वरून साडेसहासष्टवर आले आणि गेली दोन वर्षं तिथेच आहे.

केलं काय, तर आधी पंधरा दिवस नुसतं लिहिलं. दुधाचा हिशेब लिहितो तसं, कॅलेंडरच्या चौकोनात. काय खाल्लं, किती वाजता, बसून की उभ्याने. मला वाटायचं माझं वजन पोळ्यांमुळे आहे. चौकोन वेगळंच सांगत होते. पंधरापैकी अकरा दिवस संध्याकाळी साडेसहाला, ऑफिसातून आल्या आल्या, पर्स खांद्यालाच आणि हात फरसाणच्या डब्यात. ओट्यापाशी उभ्याने, चहा उकळेपर्यंत. ताटात घेतलेलं नसल्यामुळे ते खाणं माझ्या हिशेबातच नव्हतं.

मग फरसाण बंद केलं नाही, पाच वाजताची भूक सांभाळली. ऑफिसात डबीत उकडलेले हरभरे किंवा मोड आलेले मूग, कांदा-लिंबू घालून. घरी येईपर्यंत पोटात काहीतरी असलं की डबा आठवतच नाही. फरसाण रविवारी वाटीत घेऊन, बसून खाते. दोन महिने एवढा एकच बदल. तो अंगवळणी पडल्यावर दुसरा.

दुसरा तेलाचा. आम्ही चौघं, महिन्याला ५ लिटरचा कॅन लागायचा. म्हणजे माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, तेवढ्याच पिठात किंवा डाळीत ४ च्या आत. कॅन उघडला की त्यावर मार्करने तारीख घालायला लागले. फोडणी तीच, पण बुधलीतून ओतण्याऐवजी चमच्याने. आता महिन्याला साडेतीन लिटर पुरतं. माणशी रोज शंभरेक कॅलरी गेल्या आणि घरात एकानेही भाजी बेचव झाली म्हटलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांच्या जिभेला सगळं कळतं.

पण हे माझ्या घरापुरतं. माझ्या जाऊबाई संध्याकाळी काहीच खात नाहीत. त्यांचं जास्तीचं खाणं सगळं उपवासाच्या दिवशी होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. त्यांना माझी मुगाची डबी देऊन काय उपयोग?

बी-१०४ काका: वहिनींशी सहमत. माझा अनुभव सांगतो, गोळ्या चालू असलेल्यांनी वाचावा. गेल्या वर्षी मी मनानेच रात्रीचं जेवण सोडलं, पण मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. हिने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. ही घरात नसती तर काय झालं असतं, ते आजही मनात येतं.

बी-७०२ डॉक्टर ताई: काका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ-प्रमाण बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायलाच हवं. अंगावर पाजणाऱ्या आयांनी तर या चॅलेंजमध्ये उतरूच नये.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो, त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. शरीरातला साखरेचा साठा पाणी धरून असतो, तो संपला की पाणी जातं. पुढे उपासमार चालूच ठेवली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले, तरी रक्तदाब आणि साखरेत फरक दिसू लागतो. आणि काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजा. आपल्याकडे पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

बी-६०४: मग मी काय करू? पहाटे कँटीनमध्ये वडापाव नाहीतर मिसळ, एवढंच मिळतं.

बी-७०२ डॉक्टर ताई: घरून डबा नेता येईल का? निघताना नीट जेवा, पहाटे पोळी-भाजी किंवा अंडी, तीही थोडी. पण आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरुवात करा. पाचही दिवस ठरवलंत तर डबा भरायचा कंटाळा येईल.

बी-१०२ काकू: आणि माझा भात?

बी-२०३ वहिनी: काकू, भात खा. फक्त ताटात आधी कोशिंबीर, भाजी, वाटीभर घट्ट वरण वाढून घ्या, भात नंतर आणि वाटीने मोजून. तुम्ही सध्या किती घेता ते आधी एकदा मोजा. त्यातली पाव वाटी कमी केलीत तरी सुरुवात झाली.

आणि दादा, वजनाची यादी कृपा करून ग्रुपवर नको. माझं वजन ७४ असताना अशी यादी लागली असती, तर मी लिफ्टमध्ये कोणाशी बोलले नसते.

बी-४०१ दादा: यादीचं माझ्या लक्षातच आलं नाही, माफ करा. फी आणि चॅलेंज दोन्ही रद्द. खरं सांगायचं तर बहिणीला मधुमेह निघाला, त्या धास्तीने हे डोक्यात आलं होतं. माझं जास्तीचं खाणं बहुतेक रात्री साडेअकराला, मॅच बघताना होतं. आजपासून ते बंद करतो.

बी-२०३ वहिनी: लगेच बंद नका करू. आधी पंधरा दिवस नुसतं लिहा. तुमच्या बहिणीलाही तेच सांगा, आणि तिच्या गोळ्या काय चालू आहेत ते डॉक्टर ताईंना कळवा.