घरी चार्जिंग: एका फुल चार्जचा खर्च कसा काढायचा?

गंगापूररोडकर: माझ्या इलेक्ट्रिक कारची (ईव्ही) ३० युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर फुल चार्ज कितीला पडेल?

सिडकोकर: ३४ युनिट धरा, १०-१५ टक्के चार्जिंगमध्येच वाया जातात. बिलाचा सरासरी दर नको, तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने गुणा. महिन्याला ३०० युनिट ओलांडले की दर चढतो. महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळ्या मीटरची चौकशी कराच.

पंचवटीकर: आधी वायरिंग बघा! ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग. स्क्रू सैल राहिला तर तासन्‌तास करंट वाहून सॉकेट वितळतो.

सिडकोकर: अगदी बरोबर. शिवाय एलएफपी अधूनमधून १०० टक्के करा. व्होल्टेज जवळजवळ सपाट असल्याने एरवी गाडी दाखवते ती टक्केवारी चुकते. मुंबईला जाताना इगतपुरीत मात्र फुल करू नका, कसारा घाट उतरताना रीजनला (वेग कमी करताना बॅटरीत परत येणाऱ्या विजेला) जागाच उरत नाही.