शंकर नगर–लक्ष्मीनगर चालकविरहित फीडर : सुमोमधला निकाल फारच चांगला येतोय, चूक कुठे असेल?

फीडर_नागपूर: एम.टेक.च्या प्रकल्पासाठी शंकर नगर मेट्रो स्टेशन ते लक्ष्मीनगर चौक, बजाज नगरमार्गे, चालकविरहित इलेक्ट्रिक फीडरचं (मेट्रोच्या प्रवाशांना पुढे सोडणाऱ्या गाडीचं) मॉडेल सुमो या वाहतूक-सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, बाकीची वाहनं डीफॉल्ट. फीडरचा सिग्मा (चालवण्यातली अनियमितता) 0, टाऊ (पुढच्या गाडीपासून राखायचं वेळेचं अंतर) 0.5 सेकंद, स्टेप-लेंग्थ (सिम्युलेशनचा एक टप्पा) 1 सेकंद. संध्याकाळच्या गर्दीतही प्रवासवेळ जवळपास रिकाम्या रस्त्याइतकीच येते. वर मधूनमधून टक्कर झाल्याच्या सूचना. गाइडना दाखवण्याआधी काय तपासू?

सिग्नल_अभ्यासक: टक्कर होतेय ती टाऊमुळे. गाडी निर्णय घेते दर सेकंदाला आणि अंतर राखते अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे पुढची थांबली हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. टाऊ स्टेप-लेंग्थपेक्षा कमी ठेवू नका. 0.5 हवाच असेल तर स्टेप 0.1 करा, रन बराच लांबेल, पण इलाज नाही.

प्रवासवेळेचं दुखणं वेगळं आहे. टाइम-टू-टेलिपोर्ट डीफॉल्टने 300 सेकंद असतो. तेवढा वेळ अडकलेली गाडी सुमो उचलून पुढे ठेवतो, म्हणून कोंडी दिसतच नाही. तो -1 करून बघा. चौक जाम झाला तर सिग्नलच्या वेळा किंवा वळणाच्या लेन चुकल्यात. ट्रिपइन्फोमध्ये (प्रत्येक गाडीच्या प्रवासाची नोंद असलेल्या फाइलमध्ये) डिपार्टडिलेही बघा. रस्त्यावर जागा नाही म्हणून बाहेर ताटकळलेल्या गाड्यांचा तो वेळ प्रवासवेळेत धरला जात नाही, आणि रन संपताना वाटेत असलेल्या गाड्या फाइलमध्ये येतच नाहीत.

नेटकन्व्हर्टला (नकाशावरून रस्त्यांचं नेटवर्क बनवणाऱ्या सुमोच्या साधनाला) लेफ्टहँड, म्हणजे डाव्या बाजूने वाहतुकीचा, पर्याय दिला होता ना? नसेल तर सगळं नेटवर्क पुन्हा बनवा.

मिश्र_वाहतूक: डीफॉल्ट वाहनांवर आपला चौक उभाच राहत नाही. तिथे एका लेनमध्ये गाडीमागे गाडी चालते. आपल्याकडे लाल सिग्नलला दुचाक्या फटीतून पुढे येऊन स्टॉपलाइनवर जमतात आणि हिरवा होताच आधी त्या सुटतात. त्यासाठी लॅटरल-रिझोल्यूशन 0.8 द्या, म्हणजे सबलेन मॉडेल (एकाच लेनमध्ये शेजारी-शेजारी वाहनं) सुरू होईल. दुचाकी, ऑटो, कार, बस यांची लांबी-रुंदी वेगळी भरा.

मग चौकातली मोजणी जुळवा. जीईएच (मोजणी आणि मॉडेल यांतला फरक सांगणारा आकडा) 5 च्या आत हवा, निदान 85 टक्के ठिकाणी. मोजणीत ताशी 900 आणि मॉडेलमध्ये 780 असतील तर 4.1 येतो, चालेल. 740 वर 5.6, नाही चालणार. हे जुळेपर्यंत फीडर रस्त्यावर आणूच नका. नंतर वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या अंकावर) दहा रन घ्या. एका रनच्या आकड्यावर प्रबंध उभा करणं बरोबर नाही.

फीडर_नागपूर: लेफ्टहँड दिलाच नव्हता. टेलिपोर्ट बंद केल्यावर बजाज नगर चौक पूर्ण अडकला. बॅटरीचा खप मात्र खूप कमी दिसतोय, तो धरू का?

ऊर्जा_हिशेब: धरू नका. एनर्जी मॉडेलमध्ये कॉन्स्टंटपॉवरइनटेक (गाडीतल्या उपकरणांचा सततचा खप) डीफॉल्टने 100 वॉट असतो, म्हणजे छताच्या एका पंख्याच्या आसपास. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा एसी दिवसभर चालणार. तो 4 किलोवॉट धरला तर दहा तासांत 40 युनिट नुसते गारव्याला. लायडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) आणि संगणकाचे वॉट त्यात वेगळे मिळवा. मे आणि डिसेंबर, दोन्ही हिशेब द्या.

प्रदूषण घटल्याचा दावा करण्याआधी एक बघा. फीडरमध्ये बसणारा माणूस आज शेअर ऑटोने किंवा पायी जात असेल तर धूर फारसा कमी होत नाही. दुचाकी घरी ठेवून आला तरच फरक पडतो. स्टेशनच्या दारात विचारताना "फीडर वापराल का?" हा प्रश्न शेवटी ठेवा, आधी "आज इथून पुढे कशाने जाता?" हे लिहून घ्या. उलट क्रमाने विचारलं की सगळेच हो म्हणतात.